कलाताईला इचारून सांगते

राजेश्वरीला ज्या बाईचा हेवा वाटत होता, तिचे तोंडही तिने पाहिलेले नव्हते. समोर दिसणाऱ्या बाईचा हेवा करणे सोपे असते. तिचे नाक नकटे निघते, तिचा चहा पांचट लागतो, आणि माणसाला तेवढ्यावर समाधान मानता येते. न पाहिलेल्या बाईत खोट कुठून काढणार? ती रोज थोडी थोडी अधिकच देखणी आणि गुणाची होत जाते.

राजेश्वरी कालव्याकाठच्या भोजेवाडीची आशा सेविका. योजना गावात आली त्या पहिल्या वर्षापासून पिशवी तिच्याच खांद्यावर होती. ओलिताखालचे गाव, उसाचे पैसे, पक्की घरे; पण सून पोटुशी राहिली की सासू आधी राजूवहिनीच्या ओट्यावर यायची. वहिनीने दवाखाना म्हटले की दवाखाना, सोनोग्राफी म्हटले की सोनोग्राफी. कोणी कुरकुर केलीच, तर वहिनी कमरेवर हात ठेवून विचारायची, "मग तू करतेस का बाळंतपण? हं? कर." आणि सासू सुनेला घेऊन दवाखान्याकडे निघे. हा मान तिला सरकारने दिलेला नव्हता. सरकारने दिलेले म्हणाल तर एक पिशवी आणि एक मोबाईल. मान तिने स्वतः मिळवलेला होता, आणि असा मान माणूस दागिन्यापेक्षा जपतो.

दिवाळी झाली की पाथर्डीच्या बाजूने ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कालव्यालगतच्या पडीक रानात उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहायच्या. त्या कोप्यांतल्या बायका उन्हाळा लागेपर्यंत कोणाच्याच नसत. त्यांच्या गावची आशा म्हणणार, बाई गावात नाही. इथल्या आशांना वरून ऐकवले जाई की त्या बाहेरच्या. राजेश्वरीने त्यांची नावे मोबाईलमध्ये घालून पाहिली, तर नोंद आधीच झाली असल्याची तांबडी पट्टी यायची आणि पान मिटून जायचे. महिन्याच्या बैठकीत तिने हे विचारले तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्या कामात ते धरता येणार नाही, ताई. पण लक्ष मात्र ठेवा. उद्या काही कमीजास्त झालं तर गाव तुमचंच येतं."

"म्हणजे जिवंत राहिली तर त्यांची आणि मेली तर माझी," राजेश्वरी म्हणाली. बैठकीत हशा झाला. साहेबही हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

आजूबाजूच्या गावांतल्या आशा कोप्यांकडे न पाहता जात. राजेश्वरी जायची. त्यात दया किती आणि ताठा किती, हे तिचे तिला ठाऊक. आपल्या शिवेत एखादी बाई आपल्याला न विचारता बाळंत व्हावी, ही गोष्टच तिला सोसत नसे.

त्या वर्षी तिला फडाच्या कडेला स्नेहल दिसली. विशीची पोर, डोक्यावर उसाची मोळी, आणि मोळीखाली पोट पुढे आलेले.

"थांब गं. कितवा महिना?"

"सातवा असंल."

"असंल म्हणजे? आणि खेप कितवी?"

पोरीने सासूकडे पाहिले. सासू लंकाबाई वाकून मोळी बांधत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पयलीच हाय, म्याडम."

"आजपासून मोळी उचलायची नाही. उसाचं वाढं बांध, पाचट गोळा कर, पण डोक्यावर ओझं नाही. ऐकलंस?"

स्नेहलने मोळी खाली ठेवली, घाम पुसला आणि अगदी सरळ मनाने सांगितले, "कलाताईला इचारून सांगते."

"कोण कलाताई?"

"आमच्या गावची आशा."

राजेश्वरीच्या गावात तिचा शब्द कोणाला विचारून मग ऐकायचा, असे आजवर घडलेले नव्हते. घरी येऊन तिने चहाचे पातेले चुलीवर असे आदळले की शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

तिथून हे रोजचे झाले. रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, तर कलाताईंनी जेवणानंतर घ्यायला सांगितल्या होत्या. धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायला सिस्टरला घेऊन गेली, तर ते कलाताईंनी गावीच देववले होते. डाव्या कुशीवर झोप म्हणून सांगितले, तर सगळ्या कोप्यांतल्या बायका एका सुरात म्हणाल्या, "कलाताई बी हेच म्हनत्यात!" जणू राजेश्वरीने परीक्षेत बरोबर उत्तर दिले होते. दुपारी भाकरी खाताना नवऱ्याच्या मोबाईलवरून स्नेहल त्या कलाताईशी बोलायची, आणि बोलताना खुदुखुदू हसायची. राजेश्वरी आली की पदर सावरून उठायची आणि म्हणायची, "या म्याडम."

तिकडची ती ताई. आणि उन्हातान्हात पायपीट करणारी, सिस्टरच्या पाया पडून गोळ्या आणणारी ही म्याडम! म्याडम बँकेत असते. म्याडमला कोणी पोटातले सांगत नाही.

राजेश्वरीने मनातल्या मनात कलाताई उभी केली होती. गोरी, भरल्या अंगाची, मधाळ बोलणारी. तिकडे बसून फोनवर गोड बोलायला काय लागते? कष्ट आम्ही करायचे आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन तिने डोलायचे! सुंठेवाचून खोकला घालवणारी ही कोण मोठी लागून गेली?

मग एके दिवशी तिला सुचले. फोनवरून काय वाटेल ते करता येईल, पण ओटी भरता येत नाही.

तिने खण घेतला, नारळ घेतला, तांदूळ निवडले, गावातल्या चार सवाष्णींना हुकूम सोडला आणि कासाराला थेट कोप्यांवर बोलावले. पहिलटकरीण पोर, माहेर दूर, सासर कोपीत; तिची सातव्या महिन्यातली ओटी भोजेवाडीने भरली असे साऱ्या टोळीने पाहायला हवे होते. आणि टोळीने पाहिले की तिकडेही कळणारच होते.

लंकाबाई मात्र मागे मागे सरत होती. "कशाला म्याडम? नगं. आमच्यात एवढं करीत न्हाईत."

"गप बस लंकाबाई. तुझी नाही, तिची भरतेय."

"तसं न्हाई वं…"

"मग कसं? खर्च माझा, कष्ट माझे. तुझ्या पोटात का दुखतं?"

लंकाबाई पाट आणायला वळली. स्नेहल पाटावर बसली खरी, पण कुंकू लावताना तिच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झाले ते खळेना. सवाष्णी हळहळल्या, "माहेरची आठवण झाली लेकराला." राजेश्वरीच्या अंगावर मूठभर मांस चढले. पोर भारावली होती! फोनवर हसणे निराळे आणि असे भरून येणे निराळे.

कासार हिरव्या बांगड्या चढवू लागला. पोरीच्या मनगटाला बसेल असे माप त्याने नजरेने काढले होते, पण बांगडी अंगठ्याशीच अडली. त्याने मोठे माप घेतले, तेही अडले. "हात लई भरलाय की हिचा," तो म्हणाला.

"कोयता धरणारे हात आहेत, नाजूक कुठून असणार? साबण लाव," राजेश्वरीने फर्मावले, आणि स्वतःच बोटे दाबून बांगड्या वर सरकवल्या. स्नेहलने कळ सोसली. बांगड्या मनगटात रुतून बसल्या. मग राजेश्वरीने तिच्या नवऱ्याला, कानिफनाथला, पुढे बोलावले. "काढ फोटो. नीट काढ, ओटी दिसली पाहिजे. आणि पाठव तुझ्या त्या कलाताईला."

गावातल्या कोणत्याही पोरीचे सुजलेले हात राजेश्वरीने दहा पावलांवरून ओळखले असते. पण त्या दिवशी तिचे डोळे पोरीकडे नव्हतेच.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या मोबाईलवर अनोळखी नंबर वाजू लागला. सकाळी वाजला, दुपारी वाजला. कोणाचा असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. "म्हणे फोटो पाहिला. आता गोड बोलून आभार मानायला फोन," राजेश्वरी पुटपुटली आणि मोबाईल डब्यामागे ठेवून भाकरी थापू लागली. तो वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. त्या प्रत्येक वाजण्याने तिला एक वाईट, गोड समाधान मिळत होते. वाट पाहायला लावणे काय असते ते आता तिला कळू दे. दोन दिवस तिने तो उचलला नाही, आणि ते दोन दिवस ती कोप्यांकडेही फिरकली नाही. ओटीचा जिव्हाळा मुरायला हवा, आता पोरीने आपण होऊन हाक मारायला हवी, असा तिचा हिशेब होता.

हाक आली, पण कानिफनाथची. "म्याडम, तिचं डोस्कं लई दुखतंय. उठंना झालीय."

कोपीत स्नेहल गोधडीवर पडली होती. डोळे सुजून बारीक झालेले. लंकाबाई कपाळावर ओले फडके ठेवीत म्हणाली, "ऊन बाधलंय."

"हिवाळ्याच्या दिवसांत? शुद्धीवर आहेस का?" राजेश्वरी खाली बसली. तिने पोरीच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. रक्तदाब मोजायचे उपकेंद्रातले यंत्र बिघडून तालुक्याला गेले होते, ते परत आले नव्हते. सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी होती.

"म्याडम," स्नेहल चाचपडत म्हणाली, "डोळ्यापुढं काजवं चमकत्यात." मग उशाखालून नवऱ्याचा मोबाईल काढून तिने पुढे केला. "कलाताई हाय लाईनीवर. मघाधरनं तुमाला द्या म्हनत्यात."

राजेश्वरीने मोबाईल हातात घेतला. असा जड मोबाईल तिने जन्मात उचलला नव्हता.

पलीकडचा आवाज मधाळ नव्हता. बिडी ओढणाऱ्या गड्यासारखा घोगरा होता, आणि चिडलेला होता. "अहो ताई, किती फोन करायचे मानसानं? ती पोर पैलटकरीन न्हाई. मागच्या खेपेला आठव्यात झटके आल्ते तिला. लेकरू पोटातच गेलं."

"पहिलीच खेप म्हणाल्या मला."

"बारसं झालं न्हाई ना त्याचं. बारसं न झालेलं लेकरू आमच्यात मोजत न्हाईत."

"आमच्यातही मोजत नाहीत," राजेश्वरी म्हणाली. मग या पोरीचे हे तिला का ठाऊक नव्हते? भोजेवाडीतल्या प्रत्येक सुनेला ती सासूपासून बाजूला नेऊन विचारायची, "नाव न ठेवलेलं काही गेलं का गं पोटातून?" कधी चुकायची नाही. एवढ्या एका पोरीला विचारायचे राहिले, कारण या पोरीशी बोलताना तिचे सगळे भांडण दुसऱ्याच बाईशी चालले होते. आणि गेलेल्या लेकराच्या आईला तिने पाटावर बसवून, वाजतगाजत, पहिलटकरणीची ओटी भरली होती.

"फोटोत हात बगितले तिचे," कला सांगत होती. "बांगड्या रुतल्याल्या. तवाच कानिफनाथकडनं नंबर घिऊन फोन लावला तुमाला. घरच्यांना बी दवाखाना म्हनलं, तर मुकादम सोडंना. ताई, ऐकताय ना? झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काय घालू नका. निगा आता."

"निघते," राजेश्वरी म्हणाली. तिच्या आयुष्यात तिने कोणाचा हुकूम इतक्या थोडक्यात पाळला नव्हता.

रुग्णवाहिकेला फोन लावला, तर ती दुसरा रुग्ण घेऊन गेलेली. वाट पाहा म्हणाले. टोळीचा मुकादम रंभाजी उसाची गाडी भरायची म्हणून कानिफनाथला सोडायला तयार नव्हता. "अर्धा कोयता तर आदीच बसलाय म्याडम, बाई पडल्याली. गडी बी गेला तर फडात कोन उतरंल?"

"तू उतर," राजेश्वरी म्हणाली. "आणि तुझी ती जीप इकडे आण. ही पोर तुझ्या टोळीत मेली तर तुला या शिवेत पाणी प्यायला मिळणार नाही, हे मी सांगतेय. राजेश्वरी सांगतेय."

जीप आली. तालुक्याच्या दवाखान्यात रक्तदाब पाहून डॉक्टरांनी नुसते "अरे बापरे" म्हटले, इंजेक्शन दिले आणि नगरला पाठवले. वाटेत झटका आलाच. राजेश्वरीने पोरीला कुशीवर वळवले, तिचे डोके मांडीवर धरले, आणि तोंडात चमचा घालायला सरसावलेल्या लंकाबाईचा हात झिडकारला. ते सगळे त्या घोगऱ्या आवाजाने सांगितलेले होते. तेवढ्यातही तिला ते झोंबले.

नगरच्या दवाखान्यात ऑपरेशन झाले. मुलगी झाली, एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवले. आई शुद्धीवर यायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याच्या पायरीवर राजेश्वरी बसली होती. आशांनी बसावे अशी जागा त्या इमारतीत बांधणाऱ्याला सुचलेली नव्हती. एक काळीसावळी, सुकलेली बाई पिशवी सांभाळत वर आली. राजेश्वरीहून चार वर्षांनी मोठीच असावी. चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता.

"जय भीम, ताई. मी कला."

महिनाभर जी गोरीगोमटी बाई राजेश्वरीने मनात पोसली होती, ती अशी पायरीवर येऊन उभी राहिली, की तिच्यात हेवा करावे असे काहीच उरले नाही. आणि याचाच तिला जास्त राग आला. "जय भीम," ती म्हणाली. "बस. एस.टी.ने आलीस?"

"उभ्यानं. भाडं बी घरचं." कलाने पायरीवर बसून पाय चोळले. "आमचे सायब म्हनले, बाई तिकडं गेली, तू कशाला जातीस? मी म्हनलं, नाव माज्याकडं हाय ना?"

"आणि आमचे म्हणाले, नाव तिकडे आहे, तू कशाला राबतेस?"

दोघी एकदमच हसल्या आणि एकदमच थांबल्या. तेवढ्यात पहारेकरी आला. "इथं बसू नका. आतल्या पेशंटचं नातेवाईक कोण?"

"मी," दोघी म्हणाल्या.

"एका पेशंटला एकच पास."

पास राजेश्वरीच्या मुठीत होता. बाळाच्या पासावर आत असलेली लंकाबाई बाहेर आली. "सुद आली. कलाताई कुटं हाय म्हनती." राजेश्वरीने मूठ उघडायला जरा वेळ लावला, पण उघडली.

कला बऱ्याच वेळाने बाहेर आली. पदराने तोंड पुसत म्हणाली, "खरं सांगू का? तुमचा फोटो बगून आदी जीव जळला माजा. मी कदी भरली न्हाई तिची ओटी. मनात म्हनलं, पोर हातची गेली. मंग हात दिसले तिचे."

"तू निदान हात पाहिलेस," राजेश्वरी म्हणाली. याहून अधिक ती कोणाकडे बोलली नाही, पुढेही कधी बोलली नाही.

पोर पेटीतून बाहेर यायला बरेच दिवस गेले. कला दोनदा येऊन गेली. राजेश्वरी भोजेवाडीची कामे उरकून मिळेल त्या गाडीने जात राहिली. घरी सोडायचे ठरले त्या दिवशी दोघी हजर होत्या. कानिफनाथ टोपी चुरगाळीत उभा होता. मुकादमाचा निरोप होता, हंगाम अजून पुष्कळ आहे, बाईला कोपीवर आणा. तोडायला नको, स्वयंपाकाला तरी होईल.

"म्याडम हायतच की तितं," लंकाबाई म्हणाली. "बहिनीवानी बगत्यात. आमी आता तुमच्याच भरवशावर, ताई. तुमी म्हनाल तसं."

स्नेहलने मान हलवली. "व्हय. राजूताई म्हनतील तसं." तिने या वेळी कोणाला विचारून सांगते असे म्हटले नाही. ती कलाकडे पाहतही नव्हती.

कला खाली बघून पिशवीचा बंद उगाच सोडीत आणि बांधीत होती.

ज्यासाठी राजेश्वरीने खण घेतला, कासार बोलावला आणि दोन दिवस फोन वाजू दिला, ते सारे न मागता पदरात पडले होते. नुसते "बरं" म्हणायचे होते. तिने दुपट्यात गुंडाळलेली पोर हातात घेतली. चिमणीच्या वजनाची. पाचटाच्या कोपीला दार नसते. कालव्यावरून पहाटे वारा येतो तो पाचटातून सरळ आत शिरतो. जळणाचा धूर, फडाचा चिखल, आणि आई मुकादमाच्या हाकेवर. राजेश्वरीने रोज खेप घातली, तरी ती निघून गेल्यावरची रात्र तिच्या हातात नव्हती.

"गावाकडं न्यायचं," ती म्हणाली. "भिंतीच्या घरात. कलाकडं."

"पर म्याडम, मुकादम…" कानिफनाथने तोंड उघडले.

"मुकादमाला मी बघते. तू चल माझ्याबरोबर फडावर. लंकाबाई, तू सुनेबरोबर जा. पोर उघडी ठेवायची नाही, आईच्या उराशी, कातडीला कातडी लावून. अंघोळ नाही. बघायला येणाऱ्या बायकांनी घेऊन मुका घ्यायचा नाही. तू पण नाही." मग ती कलाकडे वळली. "तुला सांगायला नको."

"न्हाई," कला म्हणाली. "पन सांगा. तुमी सांगितल्याबिगर तिला पटायचं न्हाई आता."

स्टँडवर पाथर्डीच्या गाडीला गर्दी होती. राजेश्वरी आधी चढली, खिडकीजवळच्या सीटवर बसलेल्या एका धडधाकट गड्याला तिने "ऊठ" एवढेच म्हटले, आणि तो उठला. तिने स्नेहलला तिथे बसवले, पोर तिच्या पदराआड नीट दिली, कलाला शेजारी बसवले आणि खाली उतरली.

गाडी सुरू झाली. स्नेहलने खिडकीतून हात हलवला. मग ती थकून डोळे मिटून कलाच्या खांद्यावर कलली, आणि कलाने पदर ओढून दोघींना, आईला आणि लेकीला, झाकून घेतले. राजेश्वरीने तोंड फिरवले नाही. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती तो खांदा पाहत उभी राहिली. मग मागे उभ्या कानिफनाथवर खेकसली, "बघतोस काय? आपली गाडी लागलीय."